डब्यातले पीठ, पोटातले दुखणे

पावसाळा सरत आला की आपल्याकडे घरोघरी दोन कामे सुरू होतात. एक साफसफाईचे आणि दुसरे फराळाचे. फळीवरचे डबे खाली उतरतात आणि त्यांच्या तळाशी काय काय निघते! मुलांनी सुट्टीत केकचा हट्ट धरला म्हणून आणलेला मैदा, अर्धवट वापरलेली बेकिंग पावडर, गाठी झालेली पिठीसाखर, वाटीभर उरलेले बेसन. "टाकून कशाला द्यायचे? नानखटाईत खपून जाईल," असे म्हणून हे सारे पुन्हा वापरात येते.

पूर्वी मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे आणि बिस्किटे भाजून आणायची, अशी पद्धत होती. काही गावांत ती अजून आहे. आता पुष्कळ घरांत ओव्हन आले, कुकरमध्ये केक होऊ लागले, काही भगिनी घरबसल्या केकच्या ऑर्डरीही घेऊ लागल्या. परंतु भट्टी कोणतीही असो, एक समज सगळीकडे सारखाच आढळतो. तो म्हणजे, "एकदा भाजले की सगळे शुद्ध होते." हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आजचा हा लेख.

आग काय मारते, काय मारत नाही?

भाजल्याने पिठातले किडे, त्यांची अंडी आणि बहुतेक रोगजंतू मरतात, ही गोष्ट खरी. म्हणूनच कच्च्या पिठाचे मिश्रण बोटाने चाटून पाहणे चांगले नाही. केकचे भांडे मुलांच्या हाती चाटायला देण्याची हौस आवरावी. गहू शेतातून येतो, तो धुऊन निर्जंतुक केलेला नसतो. कच्च्या पिठातून जुलाबाचे जंतू पोटात गेल्याची उदाहरणे अमेरिकेसारख्या प्रगत देशातही घडलेली आहेत.

पण चार गोष्टी भाजल्याने जात नाहीत. बुरशीने तयार केलेले विष, तेलकट अंशाला आलेला खवटपणा, किड्यांच्या मलमूत्राची घाण आणि चुकून मिसळलेले कीटकनाशक. केकचा किंवा पावाचा आतला भाग साधारण शंभर अंशांच्या आसपासच तापतो. एवढ्या उष्णतेला या चौघांपैकी कोणीही दाद देत नाही. म्हणजे यांचा बंदोबस्त चुलीवर होत नाही, तो डब्यातच करावा लागतो.

पीठ बिघडते कसे?

गव्हाचा अखंड दाणा ही निसर्गाने केलेली बंद डबी आहे. त्यातल्या अंकुरात थोडे तेल असते आणि ते टरफलाच्या आत सुरक्षित असते. दाणा दळला की हे तेल सगळ्या पिठाला लागते, त्याला हवा मिळते आणि ते खवट होऊ लागते. म्हणून गहू वर्षभर टिकतो, पण कणीक टिकत नाही. मैद्यात आणि रव्यात अंकुराचा भाग जवळजवळ नसल्याने ते अधिक टिकतात. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचे पीठ आठवड्याच्या आतच कडू लागते. ज्वारीचे पीठ त्यामानाने बरे, पण तेही फार दिवस ठेवण्याजोगे नाही.

आपल्या हिंगण्या-नागपूरकडचे हवामान पिठाला दोन्हीकडून मारते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या छपराखालचे स्वयंपाकघर तर भट्टीच होते. या उष्णतेने खवटपणा वेगाने येतो. मग जूनच्या मध्यानंतर पाऊस लागतो आणि हवेतली ओल पीठ शोषून घेते. ओल आली की बुरशी आणि किडे आलेच.

त्यात आपलीही भर पडते. चक्कीवरून आणलेली कणीक गरम असते. ती तशीच डब्यात घालून झाकण लावले की आतल्या वाफेचे पाणी झाकणाला धरते आणि थेंब पुन्हा पिठात पडतात. कणीक आधी परातीत पसरून पूर्ण निवू द्यावी, मगच डब्यात भरावी. ओला चमचा, नुकतेच धुतलेले भांडे, गॅसच्या शेगडीजवळची किंवा मोरीवरची फळी, ही ओल येण्याची इतर कारणे. फ्रिजच्या डोक्यावर डबे ठेवण्याची पद्धतही बरोबर नाही. ती जागा बहुधा उबदार असते.

बुरशी : दिसते तेवढी साधी नाही

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. शोध घेता घेता दोष निघाला खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पेंडीवर वाढलेल्या बुरशीने एक विष तयार केले होते. त्याला पुढे अफलाटॉक्सिन हे नाव मिळाले.

हे पक्ष्यांचे झाले. माणसांचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली. ३९७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी १०६ जणांचा मृत्यू झाला. कारण निघाले घरात साठवलेला मका. अवकाळी पावसात तो भिजला होता, नीट वाळला नव्हता आणि त्यावर बुरशी आली होती. दुसरे खायला नव्हते, म्हणून लोक तोच दळून खात राहिले. रोज चुलीवर भाजलेलीच भाकरी होती ती! आगीने ते विष गेले नाही. ते नष्ट होण्यास अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते.

१९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजून बुरशी आलेल्या ज्वारीच्या आणि मक्याच्या भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तिथे बुरशी निराळी होती आणि विषही निराळे, पण धडा तोच.

एखाद्या वेळी बुरशीचा घास पोटात गेला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खाण्यात. अफलाटॉक्सिन यकृतावर घाव घालते आणि वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाची शक्यता वाढवते. ज्यांना 'ब' प्रकारची कावीळ आहे त्यांच्यात ही शक्यता आणखी वाढते.

म्हणून नियम सोपा ठेवावा. पिठाला कुबट वास, हिरवट-काळसर ठिपके किंवा ओलसर गाठी दिसल्या तर सारा डबा टाकून द्यावा. वरचा थर काढून खालचे वापरू नये. ब्रेडची बुरशी आलेली कड कापून उरलेला खाऊ नये. असले पीठ गाईला किंवा कोंबड्यांनाही घालू नये. शेंगदाणे, काजू, खोबरे केकमध्ये किंवा बिस्किटात घालण्यापूर्वी निवडावे. सुरकुतलेला, काळा पडलेला दाणा बाजूला काढावा आणि कडू लागलेला थुंकून टाकावा.

"चाळून घेतले तर चालेल का?"

हा प्रश्न दवाखान्यात मला वारंवार विचारला जातो. अखंड गव्हात दोन-चार सोंडे निघाले, तर ऊन देऊन, पाखडून, निवडून गहू वापरता येतो. पिठाची गोष्ट वेगळी. चाळणीत किडा अडकतो, परंतु त्याची अंडी आणि विष्ठा खाली जाते. पिठात होणारा लहान तांबूस किडा एक उग्र द्रव सोडतो. किडे फार झाले की पिठाला त्याचाच वास येतो. जाळी धरलेले किंवा असा वास येणारे पीठ चाळण्याच्या भानगडीत पडू नये.

आणखी एक जीव असतो, तो डोळ्यांना सहजी दिसतही नाही. तो म्हणजे पिठातले सूक्ष्म कोळीवर्गीय किडे. उघड्या पुड्यात, दमट हवेत ते लाखांनी वाढतात. ज्यांना धुळीची ॲलर्जी किंवा दमा आहे अशा काही व्यक्तींना या पिठाचे पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे असा त्रास होतो. हे क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतू शकते. पदार्थ भाजलेला असला तरी ॲलर्जी येतेच. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

सोडा, बेकिंग पावडर आणि यीस्ट

बेकिंग पावडरमध्ये खाण्याचा सोडा, कोरडे आम्ल आणि थोडा स्टार्च असतो. पाणी लागले की सोडा व आम्ल एकत्र येऊन वायू सुटतो आणि केक फुगतो. हवेतली ओल लागली तर हेच काम डब्यात हळूहळू होऊन जाते आणि पावडर निकामी होते. तपासणी सोपी आहे. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी. भरभरून फेस आला तर ती चांगली. नुसत्या सोड्यावर लिंबू पिळून पाहावे. यीस्ट कोमट पाण्यात साखरेबरोबर दहा मिनिटे ठेवावे; फेस धरला तर जिवंत, नाहीतर मेलेले. पावडर जुनी आहे म्हणून दुप्पट सोडा घालणे बरे नव्हे. चव तर बिघडतेच, पण रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या पोटात विनाकारण जादा सोडियम जाते.

फळीवरचे खरे विष

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कीड लागू नये म्हणून धान्याच्या कोठीत गोळ्या ठेवण्याची पद्धत आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. तो किड्यांना मारतो तसाच बंद खोलीत झोपलेल्या माणसांनाही मारतो. या विषावर उतारा नाही. या गोळ्या वापरण्याची परवानगी सरकारी यंत्रणांना आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांनाच आहे. घरात त्या आणूच नयेत. पाऱ्याच्या गोळ्याही टाळाव्यात. गोळी फुटली तर पारा धान्यातून थेट चक्कीत जातो. बोरिक पावडर डाळ-तांदळाला चोळणेही योग्य नाही, लहान मुलांना ती विशेष बाधते. गव्हाला ऊन देणे, डाळीला एरंडेलाचा हात लावणे, पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला घालणे, हे आपल्या आजीचे उपाय अधिक बरे.

दुसरा धोका नाव नसलेल्या डब्यांचा. मैदा, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, कॅरमची बोरिक पावडर, झुरळांची पावडर, सगळ्याच पांढऱ्या. घाईत हात कोणत्या डब्यावर पडेल याचा नेम नसतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण जेवून २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. आपल्या तालुक्यात कपाशीच्या फवारणीची औषधे घराघरांत असतात. औषधाची रिकामी कॅन कितीही धुतली तरी तिच्यात तेल, तूप किंवा पीठ भरू नये. ती भोक पाडून निकामी करावी. औषधे स्वयंपाकघराबाहेर, कुलपात ठेवावीत.

संशय आला तर ओकारी काढण्याच्या खटपटीत पडू नये. वायूचा संशय असेल तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे. पुडी किंवा डबा सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयात, नाहीतर नागपूरला मेडिकल किंवा मेयोत लगेच जावे.

घरच्या घरी एवढे करावे

१. कणीक उन्हाळ्या-पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांपुरतीच दळावी. बेसन दोन महिन्यांत, मैदा व रवा तीन-चार महिन्यांत संपवावा.

२. जुन्या पिठावर नवे ओतू नये. डबा रिकामा करून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच भरावा.

३. डबे घट्ट झाकणाचे असावेत. प्रत्येकावर नाव आणि भरल्याची तारीख लिहावी. मैद्याच्या पुड्यावरील तारखेचा तुकडा कापून आत ठेवला तरी चालेल.

४. नवा मैदा हवाबंद पिशवीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवल्यास किडे व त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण निवळल्याशिवाय उघडू नये, नाहीतर दव धरते.

५. रवा मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून भरावा.

६. तळून उरलेले तेल ताज्या तेलाच्या डब्यात परत ओतू नये. खवट वासाचे तूप-तेल बिस्किटात जिरवू नये.

७. यीस्टचे उघडलेले पाकीट घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावे. बेकिंग पावडर उघडल्यावर सहा महिन्यांत संपवावी.

अन्न टाकू नये, हा आपल्यावरचा संस्कार चांगलाच आहे. पण तो पाळायचा तो आणतानाच. वाण्याकडून लागेल तेवढेच आणले तर टाकण्याची वेळ येत नाही. स्वस्तात मिळाले म्हणून पाच किलो मैदा आणून त्यातला दोन किलो पावसाळ्यात कुबट करणे ही काटकसर नव्हे. यंदा डबे उतरवाल तेव्हा प्रत्येक डबा उघडून आधी वास घ्या, मग तारीख पाहा. शंका आली तर चाळणी हाती घेऊ नका. अर्धा किलो मैद्याची किंमत औषधाच्या एका चिठ्ठीहून नेहमीच कमी असते.