पंच नसलेला खेळ : अल्टिमेट फ्रिस्बी आणि वाद घालण्याची रीत



नीतिशास्त्राचे प्रश्न रोजच्या व्यवहारात कुठे भेटतात, हे आपण या मालेत पाहतो आहोत. आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, सर आता मैदानावर उतरले की काय! तसं काही नाही, गुडघे परवानगी देणार नाहीत. पण 'अल्टिमेट' नावाचा तबकडीचा एक खेळ आहे आणि त्यातली एक गोष्ट तत्त्वज्ञानाच्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. या खेळात पंच नसतो. जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातसुद्धा नसतो. फाऊल झाला का, झेल रेषेच्या आत होता की बाहेर, हे खेळणारेच ठरवतात.

आता कायद्याचं जुनं तत्त्व आपल्याला माहीत आहे : स्वतःच्याच खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ नये. इथे तर दोन्ही पक्षकार न्यायाधीश! मग हा खेळ चालतो कसा? आजचा प्रश्न एवढाच.

आधी खेळ समजून घेऊ. मैदान १०० मीटर लांब, ३७ मीटर रुंद. दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे पट्टे. एका बाजूला सात खेळाडू. १७५ ग्रॅमची प्लॅस्टिकची तबकडी एकमेकांकडे फेकत पुढे न्यायची आणि समोरच्या पट्ट्यात आपल्या माणसाने झेलली की एक गुण. तबकडी हातात असताना पळायचं नाही, एक पाय रोवून उभं राहायचं. ती जमिनीवर पडली किंवा समोरच्याने अडवली, तर ताबा त्यांचा. अंगाला अंग भिडवायचं नाही. तबकडी हातात आली की दहा सेकंदांत फेकायची. आणि हे दहा सेकंद मोजतं कोण? तुमच्यासमोर हात पसरून उभा असलेला प्रतिस्पर्धी! मोठ्याने, एक-दोन-तीन म्हणत. म्हणजे घड्याळसुद्धा विरोधकाच्या तोंडात. तो घाईने मोजतोय असं वाटलं तर तुम्ही 'फास्ट काउंट' म्हणायचं, की त्याने मोजणी मागे घ्यायची.

'उडती तबकडी' म्हटलं की आपल्याला परग्रहावरचं यान आठवतं, आणि गंमत म्हणजे ते नातं खरंच आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत उडत्या तबकड्यांचं वेड होतं. त्या काळात फ्रेड मॉरिसन या गृहस्थाने आपल्या खेळण्याचं नाव 'प्लूटो प्लॅटर' ठेवलं. १९५७ साली वॅम-ओ कंपनीने ते बाजारात आणलं आणि पुढे 'फ्रिस्बी' हे नाव दिलं. ते नाव कंपनीच्या मालकीचं, म्हणून खेळाचं अधिकृत नाव नुसतं 'अल्टिमेट'. १९६८ साली न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये जोएल सिल्व्हर या विद्यार्थ्याने हा खेळ सुचवला, अर्धा थट्टेने. बझी हेलरिंग आणि जॉनी हाइन्स या मित्रांबरोबर त्याने नियम लिहिले. शाळेच्या वाहनतळावर, रात्री दिव्यांच्या उजेडात ही मुलं खेळायची. हाच सिल्व्हर पुढे 'द मेट्रिक्स' या चित्रपटाचा निर्माता झाला. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रट्गर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत पहिला आंतरविद्यापीठ सामना झाला. २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली. इतकं सगळं होऊनही पंच काही आला नाही.

आता तंटा कसा सोडवतात ते पाहा. समजा, झेल घेताना मला धक्का लागला. मी 'फाऊल' म्हणतो, खेळ थांबतो. ज्याने धक्का दिला असं माझं म्हणणं आहे, त्याच्यापुढे दोन वाटा. मान्य असेल तर तबकडी माझी. मान्य नसेल तर त्याने तसं सांगायचं. मग आम्ही थोडक्यात बोलतो : कुणाला काय दिसलं, जास्त नीट कुठून दिसत होतं. विचारलं तर कडेला उभ्या असलेल्यांनी सांगायचं. तरीही एकमत झालं नाही, तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते आणि ती फेक जणू झालीच नव्हती असं समजून खेळ पुढे.

ही शेवटची तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. सत्य काय ते कळलं नाही, हे मान्य करायचं, आणि जिथवर दोघांचं एकमत होतं तिथवर मागे जायचं. कुणी खोटा ठरत नाही, कुणी जिंकत नाही. आपल्या घरातली, सोसायटीतली, संस्थांमधली किती भांडणं या एका नियमाने मिटली असती, याचा विचार करा!

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? गल्लीत क्रिकेट खेळताना आम्हालाही पंच कुठे होता? बरोबर आहे. पण गल्लीत निकाल कसा लागायचा हे आठवून पाहा. ज्याची बॅट त्याचं राज्य. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं. आणि फारच झालं की कुणीतरी ओरडायचं, 'रडीचा डाव खडी!' म्हणजे रडी खेळणं वाईट, हे त्या वयातही सगळ्यांना कळत होतं. पण ते नियमात लिहिलेलं नव्हतं. अल्टिमेटने ते नियमात आणलं. 'स्पिरिट ऑफ द गेम', खेळाची वृत्ती म्हणा, हा त्यांच्या नियमांचा पाया. जिंकण्यासाठी जीव तोडून खेळा, पण समोरच्याबद्दलचा आदर आणि खेळण्याचा आनंद विकून नको, असा त्याचा आशय. त्यात एक अपेक्षा अशी आहे, की आपल्याच संघातल्या खेळाडूने चुकीचा कौल मागितला तर त्याला आपण सांगायचं, 'बाबा, धक्का लागला नव्हता.' विरोधकाला सुनावणं सोपं असतं हो. आपल्या माणसाला सांगणं अवघड.

इथे मला आपल्या न्यायदर्शनाची मदत घ्यावीशी वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. आज मराठीत 'वाद' म्हणजे भांडण झालंय, पण मूळ अर्थ उलटा. तत्त्व काय आहे हे शोधण्यासाठी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोघांनी मिळून केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी, शब्दच्छल वगैरे वापरून केलेली ती जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडायचं, ती वितंडा. दूरचित्रवाणीवर रोज रात्री काय चालतं, हे मी सांगायला नको!

मैदानावरचं ते छोटं बोलणं वाद व्हावं, जल्प होऊ नये, अशी या खेळाची मागणी आहे. आणि ती विलक्षण आहे, कारण बाकी सगळा सामना जिंकण्यासाठीच चाललेला असतो. मघाशी मी जिवाच्या आकांताने धावत होतो. आता क्षणभर थांबून मला स्वतःच्या फायद्याविरुद्धही साक्ष द्यायची आहे. आणि लगेच पुन्हा धावायचं आहे.

हे माणसाला जमतं कशामुळे? न्यायसूत्रांत याचं उत्तर आहे. वाद कुणाशी करावा, तर शिष्य, गुरू, सहाध्यायी अशांशी, आणि ज्यांच्या मनात असूया नाही अशांशी. म्हणजे वादाला आधी नातं लागतं. अनोळखी वैऱ्याशी वाद होत नाही, जल्पच होतो. आणि म्हणून मला वाटतं, हौशी संघाचं जे सामाजिक जीवन असतं ते खेळाच्या भोवतीची सजावट नव्हे. पंचाचं काम तेच करतं.

ते जीवन कसं असतं? हौशी संघात पैसा मिळत नाही, उलट पदरचा जातो. स्पर्धेचं शुल्क, प्रवास, एका खोलीत सहा-सहा जणांनी झोपणं. खेळ बहुतेक ठिकाणी मुलं-मुली एकत्र खेळतात, सातांत चार-तीन असं प्रमाण ठेवून. आपल्याकडे चेन्नईत समुद्राच्या वाळूवर खेळणारे संघ आहेत. त्यांत किनाऱ्यावरच्या वस्तीतली मुलं आणि संगणक कंपन्यांतली मंडळी एकाच संघात खेळतात. 'हॅट' नावाच्या स्पर्धांत तर सगळ्यांची नावं एकत्र करून नवे संघ पाडतात, टोपीतून चिठ्ठ्या काढाव्यात तसे. आज जो विरोधात आहे तो पुढच्या महिन्यात तुमच्या संघात असू शकतो. अशा माणसाशी खोटं बोलून एक गुण मिळवणं महागात पडतं.

सामना संपला की दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल करतात. एक याचा, एक त्याचा, असे मिसळून. त्या गोलात बोलतात : तुमचा हा खेळाडू छान खेळला, तो एक कौल आम्हाला पटला नाही. मग दोन्ही संघ एकमेकांना गुण देतात. नियमांचं ज्ञान, अंगाला भिडणं, निष्पक्षपणा, आनंदी वृत्ती आणि संयम, संवाद असे पाच विषय, प्रत्येकाला शून्य ते चार. नेहमीसारखा नीट सामना झाला तर बेरीज दहा. स्पर्धेच्या शेवटी विजेत्या संघाइतकाच या गुणांत पहिल्या आलेल्या संघाचाही सत्कार होतो.

आता यात सगळं गोड आहे असं समजू नका. खरी ओढाताण संघाच्या आत असते. पंधरा-वीस जणांचा संघ, मैदानात सात. सामना अटीतटीचा. कप्तानाने कुणाला उतरवायचं? उत्तम सात जणांना, की पहाटे उठून वर्षभर सरावाला आलेल्या त्या नवख्या मुलीलाही? सगळ्यांना सारखं खेळवलं तर हरण्याची शक्यता. नाही खेळवलं तर पुढच्या वर्षी ती येत नाही, आणि हौशी संघ माणसांअभावी मरतो. यावर सूत्र नाही. शहाणे संघ एवढं करतात, की स्पर्धेच्या आधीच बसून ठरवतात, या वेळी आपण कशासाठी जातो आहोत. जिंकायला, की सगळ्यांनी खेळायला. हाही एक वादच, मूळ अर्थाने.

एक चिठ्ठी आली आहे. 'सर, मोठ्या स्पर्धेत लोक लबाडी करत नाहीत का?' करतात ना! दरवेळी 'मला मान्य नाही' म्हणणारा खेळाडू नियमाचा फायदा उपटू शकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांत निरीक्षक असतात. खेळाडूंचं एकमत झालं नाही तर ते निर्णय देतात. तिथल्या व्यावसायिक लीगने तर सरळ पंच आणले. न्यायसूत्रकार इथेही व्यवहारी आहेत. ते म्हणतात, कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा तत्त्वाच्या रक्षणापुरते वापरावेत. निरीक्षक म्हणजे हे कुंपण. काही ठिकाणी ते लागेल. पण पंच आला की खेळाडूचा प्रश्नच बदलतो. 'मी धक्का दिला का?' हे विचारणं थांबतं आणि 'पंचाने पाहिलं का?' एवढंच उरतं. कुंपण आलं आणि रोप वाळलं, असं व्हायला नको.

ही सवय मैदानापुरती राहते, की माणूस ती घरी आणि कचेरीतही नेतो, याचं उत्तर मी देणार नाही. तुमच्यापैकी जे खेळत असतील त्यांनी स्वतःला विचारावं. आणि जे खेळत नाहीत, त्यांनी या आठवड्यात एका भांडणात एवढंच करून पाहावं : आपलं दोघांचं शेवटचं एकमत कुठे होतं, ते शोधायचं आणि तिथून पुन्हा सुरुवात करायची.

इथे थांबतो.