शिंगरांची शाळा

‘घोडी मेली ओझ्याने अन् शिंगरू मेले हेलपाट्याने’ ही म्हण अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या आमच्या शिरपूर जैन गावी अजून कानी पडते. मराठीचा अध्यापक या नात्याने ती मी कैकदा वर्गात समजावून दिली आहे. पण तिचा इतका शब्दशः प्रत्यय सातासमुद्रांपलीकडे येईल, असे मात्र वाटले नव्हते.

गाभण घोड्यांच्या मूत्रापासून उतारवयाकडे झुकणाऱ्या स्त्रियांसाठी एक औषध तयार करतात. अमेरिकेत ते १९४२ पासून विकले जाऊ लागले. त्यापायी कॅनडात हजारो घोड्या महिनोन्‌महिने अरुंद ठाणांत बांधलेल्या असत. आणि त्यांची शिंगरे? ती निव्वळ अडगळ! पुष्कळशी कसायाकडे जात.

१९९९ साली न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात डॉ. सारा राल्स्टन यांनी अशा शिंगरांची शाळाच काढली. माणसाच्या हाताची सवय नसलेली ही पोरे विद्यार्थ्यांच्या हवाली झाली. मोरकी चढवू देणे, खरारा करू देणे, खूर उचलू देणे, उघडलेल्या छत्रीला न बुजणे, हे त्यांचे पहिले धडे. युक्ती साधीच. दोरीला हलका ताण द्यायचा आणि शिंगराने पाऊल पुढे टाकताच तो सैल सोडायचा. त्या सुटकेतूनच ते शिकते, चाबकातून नव्हे. जोडीला अभ्यासही चाले: चंदी बदलली की रक्तातली साखर किती चढते, वाढत्या सांध्यांवर त्याचा परिणाम काय होतो. वर्षअखेर जाहीर लिलाव होई. शहाण्या शिंगराला घर मिळे आणि आलेल्या पैशांतून शाळा पुढे चाले.

आपल्याकडे हे काम पूर्वी चाबूकस्वार करीत. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे गेली, वहीत फारशी उतरली नाही. मुंबईला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरला २००० पासून त्या विषयाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. छात्रसेनेच्या अश्वपथकात मुले घोड्यावरही बसतात; पण तो घोडा आधीच शिकलेला असतो. आता आपल्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. तेव्हा त्याच्या शिंगरांना वरातीच्या बँडपुढे उभे करण्याआधी एखादे वर्ष विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला काय हरकत आहे?

हेलपाटे तरी वाचतील बिचाऱ्यांचे!