खोकल्याने हृदयविकाराचा झटका थांबत नाही

'एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला, तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल.' हा संदेश तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी आला असेल. वीस-पंचवीस वर्षांपासून तो फिरतो आहे. आधी ई-मेलवर होता, आता व्हॉट्सॲपवर आहे. त्यात एका परदेशी रुग्णालयाचे नाव असते आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा' अशी विनंती असते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही हा संदेश घातक आहे.

गंमत अशी, की त्यात सत्याचा एक कण आहे. अँजिओग्राफीच्या टेबलावर रुग्णाच्या हृदयाची लय अचानक बिघडली, तर डॉक्टर त्याला जोरात खोकायला सांगू शकतात. खोकल्याने छातीतला दाब वाढतो, मेंदूकडे थोडा वेळ रक्त जात राहते आणि तेवढ्यात शेजारी उभे असलेले डॉक्टर उपचार सुरू करतात. घरी एकट्या माणसाच्या छातीत कळ येते, तेव्हा मात्र बहुधा हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. ती खोकून निघत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही या उपायाची शिफारस केलेली नाही. अशा वेळी 108 क्रमांकावर फोन करणे हाच पहिला उपाय. खोकण्यात गेलेली दहा मिनिटे म्हणजे हृदयाच्या स्नायूची दहा मिनिटे.

आरोग्याविषयीच्या माहितीत धडधडीत खोटे ओळखणे तुलनेने सोपे असते. फसवते ते आपल्या जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवलेले खरे. म्हणून कोणतीही माहिती वाचताना पहिला प्रश्न विचारावा : हे कोणाबद्दल आणि कोणत्या परिस्थितीत खरे आहे? प्रयोगशाळेतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? करोनाच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा बोलबाला झाला, त्यामागे प्रयोगशाळेतले निष्कर्षही होते. 2020 मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत दीड हजारांहून अधिक रुग्णांना हे औषध दिले गेले. 28 दिवसांत त्यांच्यापैकी 27 टक्के रुग्ण दगावले. हे औषध न दिलेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण 25 टक्के होते. थोडक्यात, औषधाचा उपयोग झाला नाही.

दुसरा प्रश्न : तुलना कोणाशी? 'पपईच्या पानांचा रस दिला आणि दोन दिवसांत प्लेटलेट वाढल्या,' असे डेंग्यूच्या हंगामात वॉर्डात रोज ऐकू येते. ते खोटे बोलत नसतात. पण डेंग्यूमध्ये साधारण चौथ्या दिवसापासून प्लेटलेट घसरतात आणि आजार उतरू लागला की आपोआप वर येतात. घाबरलेले नातेवाईक रस देतात, ते आकडा सर्वांत खाली असताना. त्यानंतर काहीही दिले, तरी बहुतेकांचा आकडा वाढणारच असतो. रस न घेतलेल्या तशाच रुग्णांचे काय झाले, हे कळल्याशिवाय श्रेय कोणाला द्यायचे, ते ठरत नाही. 'आमच्या काकांना गुण आला' या वाक्यात नेमकी हीच तुलना नसते.

तिसरा प्रश्न : किती जणांपैकी किती? ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा देण्यात आला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. हजारो स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. प्रत्यक्षात सुमारे 7,000 स्त्रियांमागे एकीला असलेला धोका दोघींवर गेला होता. 'दुप्पट' हा शब्द खरा होता. पण 'कशाच्या दुप्पट' हे कोणी विचारले नाही. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. आणि गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा गरोदरपणातच अधिक असतो. म्हणून 'धोका 50 टक्क्यांनी कमी' असे वाचले, की मूळ आकडा शोधा. शंभरातले दहा पाचावर येणे आणि लाखातले दोन एकावर येणे, दोन्हींना 50 टक्केच म्हणतात.

चौथा प्रश्न : सांगणाऱ्याला काय विकायचे आहे? 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात दिसली, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आपल्याकडे 1954 पासून आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब यांसह अनेक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना त्याने मनाई आहे. म्हणजे ती जाहिरातच कायद्यात बसत नाही. मग त्यातल्या दाव्यावर किती विसंबायचे, हे तुम्हीच ठरवा.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : हे चुकीचे निघाले, तर किंमत काय? घसा दुखताना हळद घातलेले दूध प्यायला कोणी पुरावा मागू नये. उपयोग झाला नाही, तरी दूध पोटात गेले. पण कोणी इन्सुलिन बंद करून काढा घ्यायला सांगत असेल, तर पुरावा भक्कमच हवा. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले मूल ते बंद केल्यावर एक-दोन दिवसांत बेशुद्ध होऊन अपघात विभागात येऊ शकते. रक्तदाबाची गोळी सोडली, तर काही दिवस काहीच जाणवत नाही, म्हणून 'बरे वाटते' असा समज होतो. मग एके दिवशी पक्षाघात होतो. जितकी चुकीची किंमत मोठी, तितका पुरावा कडक मागावा.

प्रत्येक संदेशाची अशी छाननी करायला कोणाला वेळ नाही, हे मान्य. मग दोनच सवयी लावून घ्या. 'लगेच पुढे पाठवा' असे सांगणारा संदेश एक रात्र तसाच राहू द्या. बहुतेकांची निकड सकाळपर्यंत ओसरते. आणि चालू औषध बंद करायला सांगणारा कोणताही मजकूर आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ओपीडीत तो मोबाइल पुढे करायला संकोच करू नका. रुग्ण संदेश दाखवतो, तेव्हा आम्हाला दोन मिनिटे लागतात. तो न दाखवता गोळी सोडतो, तेव्हा कधीकधी दोन आठवडे आयसीयूत जातात.

थांबायचे नाही, ते एकाच ठिकाणी. छातीत दाबल्यासारखे दुखते आहे, दरदरून घाम येतो आहे, कळ हातात किंवा जबड्यात जाते आहे, तर मोबाइलवर काही शोधू नका. त्यावरून 108 लावा.