भरल्या ट्रकला हवा किती लागते?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड दोन रूपांत ट्रकवर दिसते. आत येते ते भंगार, बाहेर पडते ती सळई. भट्ट्यांत वितळणारे भंगार बऱ्याच अंशी मुंबईच्या बंदरांकडून येते, म्हणजे भरलेला ट्रेलर सह्याद्री चढून वर येतो. मुंबईकडे निघालेली सळई तोच सह्याद्री उतरते. ट्रकला टर्बो इंजिन हवे की साधे चालेल, हा प्रश्न जालन्यात या चढ-उतारावरच सुटतो.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला किमान साडेचौदा किलो हवा लागते. साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकला की बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते, तेवढ्यावर भागवायचे. टर्बो इंजिनात सायलेन्सरकडे निघालेला तप्त धूर आधी एका छोट्या चक्रावर सोडतात. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. लोहाराचा भाताही हेच करतो, फक्त इथे भाता हलवायला माणूस नसून वाया जाणारा धूर आहे. हे चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकते. दाबलेली हवा तापते आणि विरळ होते, म्हणून ती इंटरकूलरमधून गार करून आत जाते. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येते, आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन जास्त ताकद देते.

ही ताकद घाटात किती लागते? 40 टनांची गाडी वीसास एक अशा चढावर ताशी 20 किलोमीटर वेगाने न्यायची, तर चाकांपाशी साधारण 170 अश्वशक्ती पोहोचावी लागते. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचे इंजिन तोच चढ चढेल, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे रांग लावून.

टाटांच्या ट्रकच्या नावातच हा प्रवास वाचता येतो. पहिले दोन आकडे भरलेल्या गाडीचे टन सांगतात, पुढचे दोन साधारण अश्वशक्तीचे दशक. 1210, 1612 या गाड्या अनेक वर्षे महामार्गांवर राबल्या. सुमारे 5.7 लिटरचे सहा सिलिंडरचे '697' इंजिन आधी बिनटर्बो होते. पुढे त्यालाच टर्बो जोडला आणि 1613 टीसी आली. आजच्या 5530 ट्रेलरचे कमिन्स इंजिन 6.7 लिटरचे आहे, म्हणजे एका लिटरनेच मोठे, पण ताकद 300 अश्वशक्ती.

उंचीचे गणितही हवेचेच. सुरुवातीच्या चढाईत दर 100 मीटरला हवेची घनता साधारण एक टक्क्याने घटते आणि साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. 3,500 मीटरवरच्या लेहला जवळपास तीस टक्के हवा गेलेली असते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी टर्बोचे पेटंट 1905 मध्ये घेतले, पण त्याची खरी परीक्षा झाली ती 1918 मध्ये. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी 350 अश्वशक्तीचे विमानाचे इंजिन सुमारे 4,300 मीटर उंचीच्या पाइक्स शिखरावर नेले. तिथे ते 230 वर घसरले. टर्बो लावताच 356 वर गेले.

जालना समुद्रसपाटीपासून जेमतेम 500 मीटरवर. मग इथे उंचीची चिंता कशाला? कारण हवा उन्हानेही विरळ होते. मे महिन्यात पारा 42 अंशांवर असताना जालन्याची हवा जितकी विरळ असते, तितकी ती महाबळेश्वरला हिवाळ्यात, 10 अंशांच्या पहाटे असते. लेहला न जाताही दुपारच्या उन्हात निघालेला ट्रक डोंगरावरची हवा घेत असतो.

टर्बोच्या मर्यादाही आहेत. अॅक्सिलरेटर दाबल्यावर चक्र फिरायला क्षणभर वेळ लागतो. अतिउंचीवर ते मर्यादेबाहेर फिरू नये म्हणून आधुनिक इंजिन स्वतःच डिझेल कमी करते. उतारावर तर टर्बोची ताकद कामाची नाही. सळई घेऊन घाट उतरणाऱ्याला खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेकच सांभाळतो.

साधे इंजिन संपलेले नाही. अंबड तालुक्यात अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारे 35 ते 50 अश्वशक्तीचे बहुतेक ट्रॅक्टर बिनटर्बोच असतात. वेग कमी, सपाट वाट, आणि दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीकडे होते. तिथे टर्बोचा खर्च सहसा परवडत नाही.

घाटाचे स्वरूपही बदलले आहे. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याची वळणे टळली. पण कोकणातून पठारावर यायचे तर तीच उंची चढावी लागते, आणि 2018 च्या नियमांनी तीन अॅक्सलच्या ट्रकचे एकूण वजन 25 वरून 28.5 टनांवर नेले आहे. वजन वाढले, हवेची गरजही वाढली.

एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांनंतर नवा अवजड ट्रक टर्बोचाच मिळतो. निवड उरली आहे ती जुनी गाडी घेणाऱ्याला. शेतमाल गावातल्या गावात न्यायचा असेल, तर जुने साधे इंजिन स्वस्तात काम करील. घाट आणि अवजड लोखंड असेल, तर टर्बोचीच गाडी घ्यावी. मात्र घेताना टर्बोची शिट्टी बदलली आहे का, धुरात निळसर छटा आहे का आणि एअर फिल्टरमागच्या नळीत धूळ आहे का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. घाट चढून थांबल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवूनच बंद करावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल जळत नाही.