पुळणीवरचा आनंद आणि दर्याची शिस्त

कोकणात समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याला पुळण म्हणतात. गणपतीपुळे या नावात ती पुळण आजही नांदते आहे. रत्नागिरीपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या या स्थानी देव पश्चिमाभिमुख आहे आणि त्याच्या पाठीशी असलेली टेकडीच देवरूप मानली गेल्यामुळे प्रदक्षिणा घालावयाची ती सबंध टेकडीला. सुमारे एक किलोमीटरची ही वाट चालताना भाविकाला समुद्राचा वारा आणि लाटांचा घोष यांची सोबत आपोआप मिळते. देवदर्शन आणि मोकळ्या हवेतील विहार यांची येथे पूर्वापार फारकत नव्हती.

गेल्या अर्धशतकात मात्र या विहाराचे स्वरूप पालटले. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे गणपतीपुळ्यास निवासाची सोय झाली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आरे-वारे मार्गाने रत्नागिरी जवळ आली. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत आता देवळातील रांगेइतकीच गर्दी पाण्यात दिसते. घाटावरचा, ज्याने नदीपलीकडे पाणी पाहिलेले नाही असा माणूस येथे सहकुटुंब येतो आणि लाट पायाला लागताच मूल होतो. यात गैर काहीच नाही. कष्टकरी माणसाला वर्षातून दोन दिवस आभाळाखाली मोकळेपणाने हुंदडावेसे वाटणे ही चैन नव्हे, गरज आहे. दुःख एवढेच की, या आनंदाला अधूनमधून मृत्यूचे गालबोट लागते.

बुडण्याच्या बातमीखाली 'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे वाक्य ठरलेले असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले चौदा तरुण विद्यार्थी बुडाले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. परंतु हळहळ ही उपाययोजना नव्हे. अंदाज आला नाही हे खरे. पण तो यावा यासाठी कोणी काय केले, हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

समुद्र दगा देतो असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः तो आपल्या नियमाने वागतो. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी परत जाण्यास वाट शोधते आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी तेथेच शांत भासते आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. पायाखालची वाळू सरकली की तो घाबरून किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारू लागतो. या ओढीपुढे पट्टीचा पोहणाराही थकतो. अशा वेळी ओढीशी झुंज न घेता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे आणि मग लाटांबरोबर परतावे, किंवा नुसते तरंगत राहून मदतीसाठी हात वर करावा, हे ज्ञान कठीण नाही. ते पाण्यात शिरण्यापूर्वी कानावर पडले पाहिजे, एवढेच.

किनाऱ्यावरच्या माणसांजवळ हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांतील अंतर खारवी, गाबीत, दालदी यांच्या पोरालाही ठाऊक असते. पावसाळी दर्यात नाव लोटायची नाही आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच मासेमारी सुरू करायची, ही प्रथा केवळ श्रद्धेची नव्हती. तीत दर्याचा धाक होता आणि माशांच्या विणीला उसंतही होती. ज्याचे पोट दर्यावर, तो जुलैमध्ये होडी बाहेर काढीत नाही. ज्याची केवळ मौज दर्यावर, तो मात्र भर पावसाळ्यात खवळलेल्या लाटांत उडी घेतो. या विसंगतीत सारा प्रश्न सामावलेला आहे.

अन्य देशांनी हा प्रश्न नशिबावर सोडला नाही. ऑस्ट्रेलियात १९०७ सालीच समुद्रस्नान करणाऱ्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन संघटना उभारली. आज तेथे तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मध्येच पोहावे हे शाळकरी मुलालाही पाठ असते. शेजारच्या गोव्याने २००८ साली किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. आपल्याकडे हाक ऐकून प्रथम धावतात ते बहुधा किनाऱ्यावरचे होडीवाले आणि टपरीवाले. त्यांच्या धाडसाला वंदन करावे. पण शासनाने आपले कर्तव्य त्यांच्या धाडसावर सोपवून निश्चिंत राहू नये.

कोणी म्हणेल, समुद्र सर्वांचा आहे, त्याला निर्बंध कशाला? निर्बंध समुद्राला नाहीत, बेफिकिरीला आहेत. सुरक्षित पट्टा निशाणांनी आखावा, भरती-ओहोटीची वेळ दररोज ठळक फलकावर लिहावी, निवास देणाऱ्या प्रत्येकाने ती पाहुण्यास सांगावी आणि पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा बारमाही, सवेतन जीवरक्षकांवर खर्च करावा. हे काम स्थानिक तरुणांनाच मिळावे, म्हणजे पिढीजात ज्ञानाचे मोलही होईल. शाळेची सहल समुद्रावर नेण्यापूर्वी मुलांना पाण्याचे धडे द्यावेत. फलक लावला की गिऱ्हाईक बिचकेल, ही व्यावसायिकांची भीती अनाठायी आहे. गिऱ्हाईक बिचकते ते दुर्घटनेने.

टेकडीची प्रदक्षिणा घालताना भाविक टेकडीला उजव्या हाताला ठेवूनच चालतो. हा नियम आजवर कुणाला जाचक वाटलेला नाही आणि त्याने चालण्याचा आनंदही उणावलेला नाही. तीच मर्यादा टेकडीच्या पायथ्याशी गर्जणाऱ्या दर्यासमोरही पाळली, तर पुळ्यास आलेले प्रत्येक कुटुंब आले तसे पुरते घरी परतेल.