अपुऱ्या दिवसांची जुळी

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं समजलं जातं. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं अशीच जन्मतात, तिळी तर बहुधा तेहतिसाव्या आठवड्याच्या आसपास. यात आईची चूक नसते. तरीही पहिला दोष ती स्वतःलाच देते.

राजहंसगडाच्या पायथ्याच्या येळ्ळूरमधून असं अवघड बाळंतपण बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं. काही दिवसांत आईला सुट्टी मिळते, बाळं मात्र काचेच्या पेटीत राहतात. मनगटावरच्या पट्टीवर त्यांचं नावही नसतं. आईचं नाव आणि पुढे एक, दोन असे आकडे. इकडे घरी पाचवी पुजायची की थांबायचं, बारसं कधी धरायचं, यावर कुजबूज सुरू होते. आनंद झालेला असतो, पण तो उघडपणे व्यक्त करायची भीती वाटते.

पुष्कळदा एक बाळ आधी घरी येतं. मग त्याला पाजताना दुसऱ्याची आठवण येते आणि दुसऱ्याकडे जाताना पहिल्याला टाकून निघाल्यासारखं वाटतं. बिलं, औषधं आणि नातेवाइकांचे फोन यांत बापाची घालमेल कुणाला दिसतच नाही. एखादं बाळ दगावलं तर ‘एक तरी हाती लागलं’ हे सांत्वन फार बोचतं. जिवंत बाळाचा प्रत्येक वाढदिवस गेलेल्याचाही असतो.

या हतबलतेवर कांगारू पद्धत मोठा आधार ठरते. 1978 साली कोलंबियातील बोगोटा इथे ती सुरू झाली. बाळाला उघड्या छातीशी धरायचं, इतकंच. पण त्याने बाळाची ऊब टिकते आणि जीव वाचण्याची शक्यता वाढते. जुळी असतील तर एक आईने, एक बापाने घ्यावं.

घरी आल्यावर तुलना सुरू होते. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याची वाढ चार महिन्यांच्या बाळाशी ताडून पाहावी. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब धरतात. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासलेच पाहिजेत. आईची उदासी दोन आठवड्यांनंतरही हटली नाही, तर तिला डॉक्टरांकडे न्यावं.

भेटायला जाणाऱ्यांनी बाळं हातात घेण्याचा आग्रह धरू नये. डबा पोचवावा, कपडे धुऊन द्यावेत आणि आईला दोन तास झोपू द्यावं.