एका लेखणीचे दोन वाचक

समाजशास्त्राचे पुस्तक वाचकापर्यंत कसे पोहोचते, हे सांगताना मी इरावती कर्वे यांचे उदाहरण घेतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन करणाऱ्या इरावतीबाई इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहीत. दोन्हीकडचे वाचक मात्र वेगळे राहिले.

‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडून त्यांनी प्रत्येक विभागातील विवाहाचे नियम आणि नात्यांचे शब्द मांडले. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती येथे एकमेकींत मिसळतात. हा ग्रंथ विद्यापीठांत वाचला गेला, त्यावर वाद झाले. पण घरोघरी तो गेला नाही.

घरोघरी गेले ते ‘परिपूर्ती’ आणि ‘युगान्त’. महाभारतातल्या माणसांकडे मानवशास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्या ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ हा पंढरीच्या वारीवरचा लेख आपण ललित म्हणून शिकवतो. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात, हे त्यात लेखिकेला बोचते. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले आणि परदेशी अभ्यासक त्याचा आधार घेऊ लागले. म्हणजे आपण ज्याला ललित म्हटले, त्याला त्यांनी समाजशास्त्र म्हणून वाचले.

उलट दिशेचा प्रवास अवघड असतो, हे मला बेळगावच्या वर्गात कळले. मी मराठीच्या विद्यार्थ्यांना विचारले, “घरी सुना सासूला काय म्हणतात?” बरीच मुले म्हणाली, “आत्या.” का, ते कुणी सांगेना. मग एकजण म्हणाला, “आमच्यात आत्याच्या घरी मुलगी देतात.” आजोळ कानडी असलेली मुलगी उठून म्हणाली, “आईच्या माहेरी तर सख्ख्या मामाशीही लग्न होतं.” वर्गात कुजबुज झाली. मध्य आणि दक्षिण विभागांची सीमा आमच्या बाकांमधूनच जात होती.

त्यांच्यातल्या काहींनी समाजशास्त्राच्या तासाला ‘क्रॉस कझिन’ ही संज्ञा पाठ केली होती. तिचा आपल्या आत्याशी संबंध आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. त्या एका संज्ञेत मामेबहीण आणि आतेबहीण दोघीही मावतात. मराठी मुलखात अनेक जातींत मुलाला मामेबहीण चालते, आतेबहीण टाळली जाते. मराठीने हा फरक दोन शब्दांत जपला आहे. परीक्षेच्या उत्तरात तो पुसला जातो.

म्हणून पुस्तक पोहोचणे म्हणजे केवळ खपणे किंवा अभ्यासक्रमात लागणे नव्हे. ज्यांच्या बोलण्यातून ते ज्ञान गोळा झाले, त्यांना त्यात आपले बोलणे ओळखू आले पाहिजे. भाषांतरकाराने आणि शिक्षकाने संज्ञा सांगताना तिच्याशेजारी घरातला शब्द ठेवला, तर हे साधते. आता मी मुलांना एक छोटे काम देतो: घरात कोण कुणाला काय हाक मारते, ते वहीत लिहून आणा. त्या वह्या समोर ठेवूनच आम्ही १९५३ चा तो ग्रंथ उघडतो.